चेंबरवर बोर्ड लावायला जायच्या आधी

सावद्याला मावसभावाच्या केळीच्या रायपनिंग चेंबरवर रास्पबेरी पाय (एका छोट्या बोर्डावरचा कॉम्प्युटर) बसवायला गेलो, त्यावर प्रोग्राम चालेना आणि रात्रभर दर अर्ध्या तासाला थर्मामीटर बघून वहीत आकडे लिहीत बसलो, म्हणून हे टाकतोय. अडॅप्टर, कार्ड, सेन्सरच्या वायरी हे सांगत नाही, तेवढं कळतं तुम्हाला.

घरीच, निघायच्या आधी, सिस्टीम 32 बिट आहे का 64 ते बघा. आणि भो, यूनेमवर (सिस्टीमची माहिती देणारी कमांड) विश्वास ठेवू नका. पाय 4 वर 2023 पासून 32 बिटची ओएस टाकली तरी कर्नल (ओएसचा गाभा) 64 चाच चढतो, यूनेम छाती ठोकून एआर्च64 (म्हणजे 64 बिट आर्म) सांगतो आणि बाकी सगळं मात्र 32. मी त्यालाच विचारून नोडचं (जावास्क्रिप्टचे प्रोग्राम चालवतं ते) आर्म64 चं, म्हणजे 64 बिट आर्म चिपसाठीचं, बिल्ड घेऊन गेलो. चालवलं तर 'नो सच फाईल'. एलएस (फाईलींची यादी) मारलं तर फाईल समोर, ही काय! दोन तास पाथ तपासत बसलो. नव्हता तो 64 चा लोडर (प्रोग्राम सुरू करून देणारा), फाईल होतीच. गेटकॉन्फ लाँग_बिट (getconf LONG_BIT) ही कमांड मारा, सरळ 32 नाहीतर 64 आकडा येतो. कार्ड बदललं? परत मारा. दुसऱ्या कोणी कार्ड बनवून दिलंय? मग तर माराच.

मग ज्याचं प्लॅटफॉर्म (नोड, डॉटनेट, जावा वगैरे) त्याच्याच यादीत आपलं हार्डवेअर शोधा, कोणत्या व्हर्जनपर्यंत आहे तेही. 'मित्राकडे चालतंय' म्हणजे सपोर्ट नाही. नोड 24 पासून 32 बिट आर्म प्रायोगिक झालंय, तयार बिल्ड मिळत नाही, 22 वर थांबा. पहिल्या पाय झिरोच्या आर्मव्ही6 या जुन्या चिपवर डॉटनेट चालत नाही, जुगाड शोधत बसू नका. रस्ट भाषेत टियर 2 (सपोर्टची दुसरी पायरी) म्हणजे बिल्ड होईल एवढीच हमी, चालेल याची नाही. जिनिंगमध्ये जुना 32 बिटचा पीसी असेल तर जावा 25 विसरा, त्या पीसीसाठीची आवृत्तीच काढून टाकलीय, 17 बरं. पण हे सगळं बिट कळल्यावर, आधी गेटकॉन्फ.

सिरीयल पोर्टचं मॉड्यूल बोर्डवरच इन्स्टॉल करा, लॅपटॉपवरचं फोल्डर उचलून नेऊ नका, ते लॅपटॉपच्या चिपसाठीचं असतं. सगळं पेनड्राइव्हवर घ्या, चेंबरमध्ये रेंज मिळत नाही. लाईट जाऊन आली की आपोआप सुरू होतं का ते वायर उपटून बघा. मे महिन्यात बोर्ड पत्र्याखाली नको. बाकी तिथे गेल्यावर बघा, आणि निघताना घाईत कार्ड बदललं असेल तर गेटकॉन्फ परत.