आधी सील, मग रंग: १९६९ ची कावासाकी एच१ पुन्हा उभी करताना

माझी पहिली एच१ मोटारसायकल मी उलटीकडून करायला घेतली होती. आधी टाकी रंगवली, मडगार्ड क्रोमला दिले, बिल्ले घासूनपुसून चकचकीत केले. इंजिन किक मारल्यावर मोकळं फिरत होतं, म्हणून ते उघडलंच नाही. गाडी इतकी देखणी दिसत होती की येणारा-जाणारा थांबून बघायचा. चाळीसएक किलोमीटर चालली आणि डावा पिस्टन सिलिंडरला धरला. मागचं चाक घासत थांबलं, मी क्लच दाबून कसाबसा कडेला आलो. पिस्टनमध्ये खोट नव्हती. क्रँकची, म्हणजे पिस्टन ज्याच्यावर फिरतात त्या दांड्याची, पन्नास वर्षांची रबरी सील लाकडासारखी कडक झाली होती आणि तिथून जास्तीची हवा आत येऊन पिस्टन तापत होता. त्या दिवसापासून रंगाचा डबा मी सगळ्यात शेवटी उघडतो.

एच१ म्हणजे मॅक थ्री, ४९८ सीसी, शेजारी शेजारी तीन सिलिंडर, टू-स्ट्रोक, कंपनीचा दावा ६० हॉर्सपॉवरचा. पहिल्या वर्षीच्या गाडीत ठिणगीसाठी उघडझाप करणारे पॉइंट नाहीत, सीडीआय म्हणजे इलेक्ट्रॉनिक इग्निशन आहे आणि त्याला तिन्ही प्लगना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर. पुढे ड्रम ब्रेक. हीच गाडी मिळायला कठीण, आणि हिचेच भाग नंतरच्या गाड्यांच्या भागांशी सर्रास मिसळलेले सापडतात. त्यामुळे काहीही खोलण्याआधी नंबर बघा: चॅसिसचा केएएफनं आणि इंजिनचा केएईनं सुरू व्हायला हवा. अंकांभोवती घासल्याच्या खुणा असतील तर कागद दोनदा तपासा.

मग फोटो. वायर कुठून वळली, केबल हँडलच्या पुढून गेली की मागून, वॉशर कोणत्या बाजूला होता, हे आठवेल असं वाटतं आणि आठ महिन्यांनी अजिबात आठवत नाही. प्रत्येक जोडाचे नटबोल्ट वेगळ्या पिशवीत ठेवा आणि पिशवीवर लिहा. मोडका, गंजका बोल्टसुद्धा नवा हातात येईपर्यंत टाकू नका, लांबी मोजायला तोच लागतो. कावासाकीच्या पार्ट नंबरचे पहिले पाच अंक भागाचा प्रकार सांगतात. जुनी यादी हाती असेल तर त्यावरून शोधणं बरंच सोपं जातं.

आता स्क्रू. इंजिनच्या झाकणांवरचे अधिक-चिन्हाचे स्क्रू फिलिप्स दिसतात, पण ते जेआयएस, म्हणजे जपानी औद्योगिक प्रमाणाच्या मापाचे आहेत. कित्येकांच्या डोक्यावर एक बारीक टिंब असतं, तीच त्यांची ओळख. फिलिप्सचा ड्रायव्हर त्यात पूर्ण खाली बसत नाही, जोर दिला की वर चढतो आणि खाच गोल करून टाकतो. जेआयएस टोकाचा ड्रायव्हर घ्या, अडलेल्या स्क्रूला हातोडीचा इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरा. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल सोडून ठेवायचं. दुसऱ्या दिवशी आधी ड्रायव्हर खाचेत धरून त्यावर हातोडीचे दोन सरळ ठोके, मग पिळा. स्क्रू सुटताना 'टक्' असा कोरडा आवाज येतो. तो ऐकला की अर्धं काम झालं समजा. आवाज न येता टोक फिरलं तर तिथंच थांबा. अॅल्युमिनियमचे आटे गेले की ते नवे बसवत बसावं लागतं.

आता मूळ मुद्दा, क्रँक. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टनखालची पोकळीही पंपासारखं काम करते, म्हणून प्रत्येक सिलिंडरची पोकळी शेजारच्यापासून बंद असावी लागते. बाहेरची दोन सील सहज दिसतात. आतली, सिलिंडरांच्या मधली, क्रँकवरच बसवलेली असतात आणि क्रँक प्रेसवर सुटा केल्याशिवाय बदलता येत नाहीत. बाहेरची बदलून आतली तशीच ठेवणारे पुष्कळ भेटले. त्यांच्यातला एक मीही होतो.

सील गेलं की नाही हे इंजिन न उघडता कळतं. मी त्यासाठी रक्तदाब मोजायचं जुनं यंत्र वापरतो: त्याचा रबरी फुगा आणि तबकडी. एका सिलिंडरचा पिस्टन तळाला आणायचा. कार्बोरेटरच्या तोंडाला रबरी बूच, एक्झॉस्टच्या तोंडावर ट्यूबचा तुकडा आणि वर पत्र्याची पट्टी. त्या पट्टीतून फुग्याची बारीक नळी आत घ्यायची, प्लग जागेवर घट्ट. मग फुगा दाबत काटा ३०० पर्यंत न्यायचा, म्हणजे साधारण सहा पीएसआय. याहून जास्त हवा भरू नका, चांगली सीलही उलटतात. काटा सहा मिनिटं जवळजवळ हलला नाही तर ठीक. खाली येऊ लागला तर सगळीकडे साबणाचं पाणी लावा. बुडबुडे बुचाशी असतील तर चूक तुमची, नीट बसवा. बाहेर कुठंच बुडबुडा नाही आणि तरी काटा पडतोय? मग शेजारच्या सिलिंडरच्या कार्बोरेटरच्या तोंडाला कान लावा. तिथं हलकी फुसफुस ऐकू आली तर मधलं सील गेलं. उरलेल्या दोन सिलिंडरांवरही हीच तपासणी करा.

चालत्या गाडीतही खुणा मिळतात. रेस सोडल्यावर आवाज लगेच खाली न येता रेंगाळत राहिला तर बाहेरून हवा येतेय. क्लचच्या बाजूचं सील गेलं तर गिअरबॉक्सचं तेल ओढलं जातं, धूर थांबत नाही आणि तेलाची पातळी गूढपणे उतरते.

क्रँक सुटा करून पुन्हा दाबणं घरच्या हातोडीचं काम नव्हे. ज्याच्याकडे प्रेस आहे आणि डायल गेज (बारीक हालचाल दाखवणारी तबकडी) लावून क्रँक सरळ करण्याचा हात आहे, त्यालाच द्या, आणि परत घेताना क्रँक व्ही-ब्लॉकवर, म्हणजे व्हीच्या आकाराच्या खाचेच्या आधारांवर, फिरवून गेज स्वतः बघा. काटा पाच शतांश मिलिमीटरपेक्षा जास्त हलला तर मी पुन्हा परत देतो. नवी सील बसवताना त्यांच्या ओठाला थोडं ग्रीस लावायचं, म्हणजे पहिल्या फेऱ्यांत ती कोरडी घासत नाहीत. इंजिनची केस आडवी उघडत असल्यामुळे क्रँक वरून अलगद ठेवता येतो, हे या इंजिनचं सुख.

कार्बोरेटर तीन, म्हणून डबेही तीन. एकाचा भाग दुसऱ्यात गेला तर गाडी महिनाभर रुसते. पायलट जेटमध्ये, म्हणजे कमी रेसला पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तुकड्यात, तार घालू नका, पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं. क्लीनरमध्ये बुडवून हवेचा झोत मारा आणि उजेडाकडे धरून आरपार बघा.

टाकीतला गंज सायट्रिक अॅसिडच्या पाण्यानं निघतो. नंतर सोड्याच्या पाण्यानं धुऊन ताबडतोब वाळवा आणि आत थोडं तेल फिरवा, नाहीतर तासाभरात पुन्हा तांबूस होते. ब्रेकचा ड्रम उघडाल तेव्हा आतली धूळ फुंकू नका. त्या काळच्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असतं. ओल्या फडक्यानं पुसा.

मूळ सीडीआय चालत नसेल तर नवा संच लावा, पण जुना डबा जपून ठेवा. रंगाबद्दल एवढंच सांगतो: मूळ रंग साठ टक्के जरी टिकून असेल तरी मी पॉलिशवर थांबतो. निळ्या पट्ट्याची पांढरी टाकी नव्यानं रंगवता येते, कारखान्यातला थर पुन्हा आणता येत नाही.

सुरू करण्याआधी तेलपंपाच्या बारीक नळ्या बघा. पिवळ्या आणि कडक झालेल्या असतात, सगळ्या बदला. त्यांतली हवा पूर्ण काढा. एक बुडबुडाही एका सिलिंडरला तेलाविना ठेवू शकतो. पंपावर विश्वास बसेपर्यंत पहिल्या टाकीत पेट्रोलमध्येही तेल मिसळा, मी २५ ला १ घालतो. धूर भरपूर होईल, होऊ द्या. इंजिन तापून पूर्ण थंड झालं की हेडचे नट टॉर्क पान्यानं पुन्हा तपासा.

पहिली फेरी मारताना एक गोष्ट विसरू नका. या गाडीत न्यूट्रल सगळ्यात खाली आहे, पाचही गिअर वर. दुसऱ्यातून पहिल्यात यायला पाय जरा जास्त दाबला की सरळ न्यूट्रल. वळणावर हे घडलं की पोटात गोळा येतो, आणि कुणाला गाडी चालवायला दिलीत तर त्याच्याकडून हे हमखास घडतं.