दोघांच्या जेवणासाठी रेस्टॉरंट निवडताना आधी कान टवकारा

बजेट, पथ्यपाणी आणि दोघांना काय आवडतं हे ठाऊक आहे असं मी धरून चालतो. दोघांनाही पोहोचायला साधारण सारखाच वेळ लागेल अशा भागातली तीन नावं काढा. जास्त काढलीत तर नुसता घोळ होतो.

आता आवाजाचं बघा. मला सगळ्यात जड गेलेली पायरी हीच, कारण ‘सर्वांत रोमँटिक दहा जागा’ छापाच्या याद्यांमध्ये आवाजाबद्दल चकार शब्द नसतो. तिथले फोटो रिकाम्या हॉलचे असतात. भरलेल्या हॉलमध्ये तुम्हाला बसायचंय. साधं बोलणं साधारण 60 डेसिबलचं असतं. भोवतालचा गोंगाट वाढला की माणूस नकळत आवाज चढवतो. फ्रेंच डॉक्टर एतिएन लोम्बार यांनी 1911 मध्ये हे मांडलं. प्रत्येक टेबल शेजारच्यावर आवाज चढवत जातं आणि तासाभरात सगळा हॉल ओरडत असतो. मनातलं काही सांगायचं असेल आणि ‘काय? काय म्हणालीस?’ असं तीनदा विचारावं लागलं, तर ते बोलणं तिथेच विरतं.

म्हणून आधी छत आणि भिंती बघा. उघडं काँक्रीट, काच, फरशी, नुसत्या लाकडाची टेबलं म्हणजे आवाज आदळत राहणार. जाड पडदे, गालिचा, गादीच्या खुर्च्या, टेबलावर कापड असेल तर तो बराच शोषला जातो. फोटोंवर विसंबू नका, गिऱ्हाइकांनी टाकलेले व्हिडिओ आवाज चालू ठेवून बघा. शनिवारी रात्री जाणार असाल तर मंगळवारी दुपारी केलेली पाहणी फुकट आहे. त्याच वारी, त्याच वेळी जा. ते जमत नसेल तर ऐन गर्दीच्या वेळी बुकिंगसाठी फोन करा आणि मागे काय ऐकू येतंय तिकडे लक्ष द्या. फोन उचलणाऱ्यालाच ओरडून बोलावं लागत असेल, तर ते नाव खोडा. जेवण कितीही नावाजलेलं असो, खोडाच. ‘लाइव्ह म्युझिक’ असेल तर कुठल्या दिवशी, किती वाजता, हेही त्याच फोनवर विचारा.

प्रकाश इतका हवा की मेन्यू मोबाइलच्या टॉर्चशिवाय वाचता यावा.

बुकिंग करताना नुसतं ‘दोघांसाठी’ म्हणू नका. तसं म्हटलं की बरेचदा भिंतीलगतच्या लांब बाकावरचं, शेजाऱ्यापासून वीतभर अंतरावरचं टेबल पदरी पडतं आणि तुमचा शब्दन् शब्द तिसऱ्याच्या कानावर जातो. कोपऱ्यातलं टेबल मागा. स्वयंपाकघराचं दार, स्वच्छतागृहाची वाट, बिलाचा काउंटर, स्पीकर आणि एसीचा झोत यांपासून लांब, हेही स्पष्ट सांगा. चौघांचं टेबल मिळालं तर समोरासमोर न बसता काटकोनात बसा. हळू बोललेलंही ऐकू येतं. टेबल किती वेळात रिकामं करावं लागेल हे विचाराच. दीड तास म्हणाले तर दुसरीकडे बघा. 14 फेब्रुवारीला बऱ्याच ठिकाणी ठरावीक मेन्यू आणि वेळेच्या पाळ्या असतात. मी तर ती तारीख सोडून अलीकडचा-पलीकडचा साधा वार घेईन.

पोहोचल्यावर भलतंच टेबल दाखवलं तर उभ्या उभ्याच बदलून मागा. एकदा बसलात, पाणी आलं, की मग संकोचापोटी कोणी उठत नाही.