हार्लेममधे अर्धा दिवस, बॅटलसाहेबांच्या मागावर

आईबाबा जर्सीला आले की टाइम्स स्क्वेअर, स्वातंत्र्यदेवी वगैरे दोन दिवसात उरकतं, मग पुढे काय? आमचे बाबा रिटायर्ड फौजदार, म्हणून मी त्यांना हार्लेम या न्यूयॉर्कमधल्या काळ्या वस्तीत, तिथले जुने काळे पोलीस सॅम्युअल बॅटल यांच्या खुणा शोधत ही चक्कर घडवली, तुम्हीपण करून बघा.

सुरुवात ग्रँड सेंट्रल रेल्वे स्टेशनला. बॅटल इथे हमाल होते, लाल टोपीवाले, आपल्याकडे लाल शर्टवाले असतात तसे. ड्यूटी सांभाळून अभ्यास केला, पोलीस परीक्षा पास झाले, तर मेडिकलला हार्टमधे दोष आहे म्हणून उडवलं, पुन्हा तपासणी झाली तेव्हा तेच हार्ट ठणठणीत! 28 जून 1911 ला भरती. ब्रुकलिनला 1891 मधेच वायली ओव्हर्टन हे काळे पोलीस होते, पण तेव्हा ते वेगळं शहर, त्यामुळे एकत्र न्यूयॉर्कमधे भरती झालेले पहिले काळे पोलीस बॅटलच.

सबवेच्या शटलने टाइम्स स्क्वेअर, तिथून अपटाउनची 2 किंवा 3 नंबरची ट्रेन, उतरायचं 135व्या रस्त्याच्या स्टेशनला. ट्रेनमधे एवढं सांगून ठेवा की पश्चिम 68व्या रस्त्यावरच्या ठाण्यात त्यांना चक्क वाळीत टाकलेलं, गोरे सहकारी बोलायचेच नाहीत, झोपायचं पण एकट्याने, झेंडे ठेवायच्या माळ्यावर. बाबा म्हणाले, "बंदोबस्ताला मी शाळेच्या बाकावर झोपलोय रे, पण शेजारी घोरणारं कोणीतरी असायचं."

वर आलात की लेनॉक्स ॲव्हेन्यूच्या कोपऱ्यावर मान वर करून पाट्या बघा, 2009 पासून या चौकाला बॅटल यांचं नाव आहे. 1919 मधे हार्लेमच्या जमावातून त्यांनी एका गोऱ्या पोलिसाला वाचवलं, त्यानंतर कुठे त्याच सहकाऱ्यांनी मतदान करून सार्जंटच्या क्लासला घेतलं, आणि सार्जंट झाले 1926 ला. म्हणजे पंधरा वर्षं शिपाई! इथेच शोम्बर्ग सेंटर, म्हणजे काळ्यांच्या इतिहासाची लायब्ररी आहे, फुकट, वेळ मात्र आधी बघून जा.

पुढे 138व्या रस्त्यावर स्ट्रायव्हर्स रो ही जुन्या घरांची रांग, बॅटल इथेच राहायचे. गेटच्या खांबांवर घोडे चालवत न्या अशी जुनी सूचना अजून आहे, फोटो तिथेच काढा.

शेवटी बसने पूर्व 125वा रस्ता. हा टप्पा जड आहे, लहान मुलं असतील तर सोडा. मे 2009 मधे इथे ओमर एडवर्ड्स हा काळा पोलीस, वय 25, साध्या कपड्यात, गाडी फोडणाऱ्याच्या मागे पिस्तूल घेऊन धावत होता, गोऱ्या पोलिसाने त्यालाच चोर समजून गोळी घातली. बाबांनी फक्त विचारलं, "ओळखपत्र होतं ना खिशात?" होतं.

पार्क ॲव्हेन्यूवरून मेट्रो नॉर्थची लोकल पकडा, दहा-बारा मिनिटात परत ग्रँड सेंट्रल.