सीए रिपोर्ट विरोधात आलाय? आधी तारखा बघा

घरातल्या माणसावर खुनाची केस चालू असते आणि वकील सांगतात की सीए रिपोर्ट (म्हणजे केमिकल अॅनालायझरचा, सरकारी लॅबचा तपासणी अहवाल) आपल्या विरोधात आलाय, मग घरच्यांचे हातपायच गळतात, लॅबनंच सांगितलं म्हणजे आता काय उरलं असं वाटतं. पण धीर सोडू नका, तो कागद तपासता येतो आणि सुरुवात तुम्ही घरी बसून करू शकता.

चार्जशीटची पूर्ण नक्कल आरोपीला फुकट मिळते, तो हक्क आहे (आता बीएनएसएस म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम 230; जुन्या केसला आधीचा कायदा सीआरपीसी, कलम 207). त्यातून जप्ती पंचनामा, मुद्देमाल लॅबला पाठवल्याचं पत्र, लॅबची पोच आणि सीए रिपोर्ट बाजूला काढा. मग वहीत एक पान आखा आणि एकेका वस्तूपुढे लिहा: जप्त कधी झाली, सील कुणी केलं, लॅबला कधी पोचली, मधले दिवस कुठे होती. पंचनाम्यात निळा फुल शर्ट आणि रिपोर्टात आकाशी हाफ शर्ट असेल तर लाल पेनानं गोल करा.

हे मधले दिवस फार महत्त्वाचे. दिल्लीच्या छावला केसमध्ये (एका तरुणीवरचा सामूहिक बलात्कार आणि खून) नमुने 14 आणि 16 फेब्रुवारी 2012 ला जप्त झाले आणि लॅबला गेले 27 ला, तोवर पोलीस स्टेशनच्या मालखान्यात (जप्त वस्तू ठेवायच्या खोलीत) पडून होते. तिघांना फाशी झाली होती, नोव्हेंबर 2022 ला सुप्रीम कोर्टानं तिघांनाही सोडलं, डीएनए रिपोर्टचा आधार काय हे खालच्या कोर्टांनी तपासलंच नाही, हेही त्याचं एक कारण. आपल्या ठाण्याच्या एका फाशीच्या केसमध्येही 2023 ला नमुने उशिरा पाठवल्याचा मुद्दा आला आणि आरोपी सुटला. 2025 मध्ये तर सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की डीएनएचे नमुने 48 तासांत लॅबला पोचले पाहिजेत, आणि ते कुणाच्या हातून कुणाकडे गेले याचं रजिस्टर कोर्टात लागलं पाहिजे. नुसत्या उशिरावर कुणी सुटत नाही हे खरं, पण उशिराचं कारण विचारायलाच हवं.

आता रिपोर्टातली भाषा. 'मानवी रक्त, ग्रुप बी' एवढंच असेल तर घाबरू नका, बी ग्रुपची माणसं आपल्याकडे ढिगानं आहेत, आणि आरोपीचा स्वतःचा ग्रुप कोणता तेही बघा. 'अनिर्णायक' म्हणजे जुळलं असं नाही. डीएनए असेल तर मूळ ग्राफ मागायला वकिलांना सांगा.

ब्रेन मॅपिंग (मेंदूच्या लहरी मोजायची टेस्ट) किंवा नार्को (औषध देऊन बोलतं करायची टेस्ट) असेल तर सुप्रीम कोर्टाचा 2010 चा सेल्वी निकाल दाखवा, त्या टेस्टचा रिझल्ट पुरावा म्हणून चालत नाही, संमती असली तरी. त्याआधी 2008 ला पुण्यात सेशन्स कोर्टानं ब्रेन मॅपिंगचा आधार घेऊन जन्मठेप दिली होती, वाचून आजही पोटात गोळा येतो.

सगळ्यात मोठी चूक इथे होते: सरकारी लॅबचा रिपोर्ट तज्ज्ञाला न बोलवताही पुराव्यात वाचला जातो (बीएनएसएस कलम 329, जुनं सीआरपीसी 293). तुम्ही काही बोलला नाहीत तर तो तसाच जाणार, म्हणून तज्ज्ञाला उलटतपासणीला बोलवा असा अर्ज वकिलांना द्यायला लावा. वकील परवडत नसेल तर 15100 वर फोन करा, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.

आणि ते वहीतलं पान तपास अधिकाऱ्याच्या साक्षीच्या तारखेआधी वकिलांच्या हातात द्या, कारण साक्ष एकदा संपली की त्याला परत बोलवायला वेगळा अर्ज लागतो आणि कोर्ट तो मंजूर करेलच असं नाही.