मोरी दुरुस्त करताना या चुका टाळा: पाण्याची वाट तीच जनावरांची वाट

मे संपत आला की पुण्याभोवतीचा कुठलाही हायवे घ्या, सातारा असो की नाशिक, मोऱ्यांच्या, म्हणजे रस्त्याखालून पाणी पलीकडे नेणाऱ्या वाटांच्या, तोंडाशी जेसीबी उभे. वर्षभर तिकडे कुणी फिरकत नाही. मग घाईघाईत गाळ काढायचा, तिथेच काठावर लोटायचा, फोटो काढून बिल लावायचं. पहिल्या मोठ्या पावसात गाळ परत आत. यावर जास्त लिहीत नाही. गाळ ट्रॉलीत भरून लांब न्या, एवढंच.

माझं डोकं खरं फिरतं ते रुंदीकरणात मोरी लांबवताना केलेल्या चलाखीवर. मधली जुनी मोरी स्लॅबची, ऐसपैस. पण पुढच्या वाढीव लांबीला शटरिंग-सळईचा खर्च कोण करणार? दोन्ही टोकांना ह्यूम पाइप, म्हणजे काँक्रीटचे तयार गोल नळ, जोडून मोकळे. सासवडच्या बाजूला अशीच एक मोरी पाहिली. पावसाळ्यात पाणी रस्त्यावरून वाहिलं, साइडपट्टी खचली, म्हणून बघायला गेलो. आत वाकून बॅटरी मारली तर सांध्यावर बाभळीच्या फांद्या, गोणपाट आणि निर्माल्याच्या पिशव्यांची भिंतच. अलीकडच्या सुकलेल्या गाळात साळिंदराचे काटे पडलेले, आणि पावलं सांध्यापर्यंत जाऊन मागे वळलेली. मागे वळलेलं जनावर घरी जात नाही, भरावावर चढून ट्रकपुढे येतं. सुपरवायझरचं म्हणणं, "साहेब, पाणी बसतंय ना पाइपात?" तेही बसत नव्हतं.

आणि पाइप मोकळा असता तरी प्रश्न सुटला नसता. पलीकडचा उजेड दिसला नाही तर बरीच जनावरं आत शिरायला बिचकतात. ढोबळ हिशेब सोपा आहे: तोंडाचं क्षेत्रफळ भागिले लांबी. आकडा जितका लहान, तितकी मोरी आवळलेली. २ मीटर बाय २ मीटरची मोरी १२ मीटर लांब असेल तर ०.३३. तीच ३० मीटर केली की ०.१३. म्हणजे लांबी वाढली तर तोंडही वाढायला हवं, आणि आपण नेमकं ते आवळतो. पेंचमध्ये ४४ नंबरच्या राष्ट्रीय महामार्गाखालून वाघ जाताना कॅमेऱ्यात दिसतात, कारण तिथे त्यासाठी ऐसपैस जागा सोडली आहे. आपल्याकडच्या तरस-कोल्ह्या-मुंगसांसाठी तेवढा पैसा कुणी देणार नाही. त्यांना मोऱ्याच सांभाळायच्या आहेत.

कचरा अडावा म्हणून तोंडावर जाळी बसवू नका. कचरा अडतो, पाणीही अडतं, जनावरही.

बाहेर पडणाऱ्या पाण्याने पुढची माती खाल्ली की तळफरशी हवेत लोंबते. मग खाली सरळ काँक्रीटची भिंत ओतून देतात. पाण्याला चालतं, घोरपडीला आणि सशाला चढता येत नाही. मी तिथे सुट्या दगडांचं उतरतं पिचिंगच करून घेतो, मोठे दगड खाली, सांधे मुद्दाम खडबडीत. चकचकीत फिनिशिंगचा हट्ट धरणाऱ्या नव्या इंजिनिअरांना हे गावठी वाटतं. वाटू दे.

बारमाही ओल असलेल्या मोरीत एका भिंतीलगत अर्धा मीटर रुंदीचा कोरडा कट्टा ठेवायची मला सवय आहे. मात्र आधी पुराच्या पाण्याचा हिशेब करा. मोरी मुळातच अपुरी असेल तर कट्ट्याने तिला आणखी आवळण्यात अर्थ नाही, मोठी बॉक्स मोरीच (काँक्रीटची चौकोनी) टाका. हिशेब न करता "सगळीकडे कट्टे घाला" म्हणणाऱ्या उत्साही मंडळींचाही मला तेवढाच कंटाळा आहे.

रस्त्याकडेच्या उभ्या भिंतींच्या गटारात पडलेला बेडूक किंवा कासव बाहेर येत नाही. अधूनमधून खडबडीत उतार ठेवा.

कुंपण घालायचं तर मोरीच्या विंगवॉलला, म्हणजे तोंडाच्या बाजूच्या भिंतीला, टेकवून घाला. मध्ये हातभर फट राहिली की जनावर नेमकं तिथूनच वर येतं. आणि रात्री ढाब्याचा हॅलोजन मोरीच्या तोंडावर पडून जनावर बुजत असेल तर मालकाला सांगून त्याचं तोंड फिरवून घ्या. चहा प्यायला थांबलात की होणारं काम आहे.