जास्वंद लावण्याआधी

जास्वंदीचं रोप आणायची घाई करू नका. आधी एक दिवस नुसतं ऊन बघा. सकाळी आठला, दुपारी बाराला आणि चारला ठरवलेल्या जागेवर जायचं आणि सावलीची कड खडूने आखून ठेवायची. रोज पाच-सहा तास थेट ऊन पडत असेल तर जागा पक्की समजा. हे सगळ्यात आधी सांगते, कारण जास्वंदीला कळी येते ती नव्या फुटीवर, पानाच्या बेचक्यात. जुनी फांदी मनगटाएवढी जाड असली तरी तिला फूल लागत नाही. सावलीत पानं मोठी, हिरवीगार होतात, फांद्या लांबतात, फुलं मात्र येत नाहीत, आणि माणूस खतं बदलत बसतो. पुढची सगळी तयारी या नव्या फुटीसाठीच आहे.

जमिनीत लावणार असाल तर भिंतीपासून निदान एक मीटर लांब. हे झुडूप अडीच-तीन मीटर सहज वाढतं आणि आडवंही पसरतं. कुंडीत लावायचं असेल तर पहिली कुंडी १२ इंचांची पुरते. लहान रोपाला एकदम मोठी कुंडी दिली तर मुळं न पोचलेली माती ओलीच राहते आणि मुळं कुजतात. तापमान १० अंशांच्या खाली जाऊ लागलं की वाढ मंदावते, आणि बर्फाळ दहिवर तर तिला अजिबात सोसत नाही. तशी थंडी पडत असेल तिथे कुंडीच बरी, उचलून आत आणता येते.

खड्डा दीड फूट लांब, रुंद आणि खोल खणा, पण लगेच भरू नका. त्यात बादलीभर पाणी ओता. दोन-तीन तासांनीही पाणी साचलेलंच दिसलं तर जागा बदला किंवा वाफा उंच करा. जास्वंदीला पाणी भरपूर लागतं, पण पाण्यात उभं राहणं तिला मानवत नाही. दोन भाग माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग जाडसर वाळू आणि मूठभर निंबोळी पेंड, एवढं मिश्रण आधीच कालवून ठेवा. मातीचा सामू (पीएच, म्हणजे आम्लता मोजायचा आकडा) ६ ते ७ च्या दरम्यान हवा. माती चुनखडीची असेल तर कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, म्हणजे झाडाला लोह मिळत नाही. फुलझाड म्हटलं की हाडांचा चुरा घालायची सवय अनेकांना असते. इथे ती मोडा. त्यात स्फुरद (फॉस्फरस) भरपूर असतं, आणि ते जास्त झालं तर लोह घ्यायला आणखी अडचण येते. जास्वंदीला पालाश (पोटॅश) हवं, स्फुरद बेताचंच.

रोप निवडताना फुलाकडे बघू नका, पान उलटून बघा. बेचक्यात कापसासारखा पांढरा पुंजका दिसला तर तो पिठ्या ढेकूण. पान चिकट लागलं किंवा खोडावर मुंग्यांची रांग दिसली तरी कुठेतरी मावा किंवा पिठ्या आहेच. मोठ्या फुलांच्या संकरित जाती बऱ्याचदा कलमी, म्हणजे दुसऱ्या जास्वंदीच्या खोडावर जोडलेल्या असतात, म्हणून कलमाचा सांधा शोधा. त्याच्या खालून फुटणारा प्रत्येक कोंब त्या खालच्या झाडाचा असतो, तो काढून टाकावा लागेल. साध्या एकेरी लाल जास्वंदीत हा व्याप नाही. पहिलंच झाड असेल तर मी तीच घ्या म्हणेन. घरी आणलेलं रोप पंधरा दिवस इतर झाडांपासून वेगळं ठेवा. जागा बदलल्यामुळे चार पानं पिवळी होऊन गळतील, तेव्हा पाणी वाढवू नका.

फूल एका दिवसाचं असतं, काही संकरित जातींत दोन-तीन दिवसांचं. सकाळी पाच पाकळ्या उघडतात, मधून केसरांची लांब नळी बाहेर येते आणि तिच्या टोकाला पाच मखमली ठिपके असतात. दुसऱ्या दिवशी तेच फूल छत्रीसारखं मिटून गळतं. तो रोग नाही. न उमलता कळी गळू लागली तर मात्र लक्ष द्या. माझ्या झाडाच्या कळ्या महिनाभर गळत होत्या आणि मी रोज पाणी वाढवत होते. शेवटी एक कळी नखाने उकलली, तर आत तांबूस, दोऱ्याच्या तुकड्याएवढे बारीक फुलकिडे पळत होते. तेव्हापासून गळलेली पहिली कळी मी उकलूनच बघते आणि पडलेल्या सगळ्या कळ्या वेचून टाकते. कळ्या माती फार सुकल्यामुळेही गळतात, म्हणून पाणी घालण्याआधी बोट दोन पेरं मातीत खुपसून बघा.

निंबोळी तेल आणि सौम्य साबण घरात असू द्या. लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर तेल आणि साबणाचे थोडे थेंब घालून संध्याकाळी पानांच्या खालून फवारा. कडक उन्हात फवारलं तर पानं करपतात.

सिकेटर (फांद्या छाटायची कात्री) धार लावून, पुसून ठेवा. कडक थंडी सरली की झाड एक-तृतीयांश छाटून कमी करायचं. बाहेर तोंड केलेल्या डोळ्याच्या (जिथून कोंब फुटतो त्या जागेच्या) जरा वर तिरका काप घ्या म्हणजे फूट बाहेरच्या बाजूला जाते आणि झाडाच्या पोटात हवा खेळते. त्यानंतर महिना-दोन महिने फुलं दिसणार नाहीत. छाटलेल्या फांद्या फेकू नका. पेन्सिलीएवढ्या जाडीचे, १०-१५ सेंटिमीटरचे तुकडे करा, वरची दोन पानं ठेवून बाकीची काढा आणि ओल्या वाळूत सावलीला खोचा. त्यासाठी दोन लहान कुंड्या वाळू भरून आधीच तयार ठेवा.