कास तट्ट फुगलीये आणि करडू पीत नाही? या चुका टाळा

शेळी व्याली, करडं चाटून कोरडी झाली, धडपडत उभी पण राहिली, आणि तरी तासाभरात पोटात थेंब नाही. करडू कासेखाली जातं, तोंड मारतं, सोडतं, मग पुढच्या पायांमध्ये नाहीतर भिंतीला लुचत बसतं. अशा वेळी लोक लगेच करडाला मठ्ठ ठरवतात, नाहीतर शेळीच लागू देत नाही म्हणून तिच्यावर खेकसतात. अहो पण आधी सड (कासेचं बोंड, ज्यातून दूध येतं) हातात धरून बघा की! कास भरून ताठली की सडही बुडापासून फुगतो, आणि नवीन करडाचं तोंड केवढंसं असतं, त्यात तो मावतच नाही. भूक आहे, ताकद आहे, पकडच मिळत नाहीये.

म्हणून सगळ्यात मोठी चूक हीच, की फुगलेल्या सडावर करडाचं डोकं दाबत राहायचं. डोक्यावर मागून हात ठेवून ढकललं की करडू उलट मागे जोर लावतं, चार वेळा असं झालं की कंटाळून लोळतं आणि मग खरंच अशक्त होतं. आधी सड मऊ करायचा, करडू नंतर.

कोमट पाण्यात स्वच्छ फडकं बुडवून पिळायचं (आपल्या मनगटाला सोसेल एवढंच गरम) आणि पाच-दहा मिनिटं कासेला शेक द्यायचा, गार झालं की परत बुडवायचं. सोबत हलक्या हाताने मसाज. मग कास कोरडी पुसून धार काढायची. इथे अख्खी मूठ वळायला जाऊ नका, सड ताठलेला असताना ती बसत नाही आणि शेळी लाथ झाडते. अंगठा आणि पहिलं बोट सडाच्या बुडाशी आवळायचं, म्हणजे दूध वर परत जात नाही, आणि मग खाली दाबत यायचं. ओढायचं नाही हां, दाबायचं. पहिल्या एक-दोन धारांना काहीच येत नाही असं वाटतं कारण सडाच्या तोंडाशी मेणचट बूच बसलेलं असतं, ते पिवळट गुठळीसारखं सुटून बाहेर पडतं आणि एकदम जाड चिकाची (व्याल्यानंतरच्या पहिल्या दुधाची) धार लागते. ते बूच निघत नाही म्हणून काडी, सुई, तार असलं काहीही सडात घालू नका, प्लीज. आतली नाजूक कातडी फाटते, जंतू आत जातात आणि ती बाजू कायमची वाया जाऊ शकते. परत शेक द्या, परत दाबा.

आता किती काढायचं? सड बोटात दबायला लागला, लुसलुशीत झाला की थांबा. कास रिकामी करायची नाहीये. करडं अजून प्यायचीत, शिवाय पूर्ण पिळून काढलं की शरीर तेवढंच दूध परत भरतं, आणि जास्त दुधाच्या शेळ्यांमध्ये व्याल्या व्याल्या सगळं पिळलं तर अंगातलं कॅल्शियम घसरायची भीती असते. काढलेला चीक फेकायचा नाही, स्वच्छ बाटलीत भरून डीप फ्रीजमध्ये ठेवला तर काही महिने टिकतो, फक्त वापरताना कोमट पाण्यात बाटली ठेवून वितळवा, उकळलात तर त्यातली रोगाशी लढणारी प्रथिनंच मरतात.

सड मऊ झाला की करडाला शेळीच्या बाजूने आणा, हनुवटीखाली दोन बोटांचा आधार द्या, ओठावर एक धार सोडा. शेपटीच्या बुडाशी खाजवा, शेळी चाटते ना तिथेच, त्याने करडू लुचायला लागतं. कास फार लोंबती असेल तर करडू वर शोधतं आणि सड राहतो खाली, तेव्हा कासेला खालून तळहाताने उचलून धरा. शेळी लाथा मारत असेल तर मारू नका, ठणकतंय तिला. घाबरली की पान्हा सोडत नाही. भिंतीशी टेकवा, पुढे थोडा चारा टाका, एकाने धरा आणि एकाने पाजा.

दुसरी मोठी चूक म्हणजे वाट बघत बसणं, "पिईल आपोआप" म्हणून. पहिला चीक एक-दोन तासांत पोटात गेलाच पाहिजे, कारण त्यातली संरक्षणाची प्रथिनं आतड्यातून रक्तात जायची क्षमता तासागणिक कमी होते आणि दिवसभरात जवळपास बंद होते. पहिल्या २४ तासांत वजनाच्या साधारण १० टक्के चीक हवा, म्हणजे अडीच किलोच्या करडाला २५० मिली, थोडा थोडा करून. दोन तास होत आले तरी जमत नसेल तर चीक काढून बाटलीने पाजा आणि पुढच्या वेळी परत सडाला लावा. पाजताना करडू उभं किंवा छातीवर बसलेलं हवं, उताणं करून सिरिंजने घशात मारला तर फुफ्फुसात जातो.

आणि त्याआधी तोंडात बोट घालून बघा. तोंड गार लागलं, चोखत नाही, तर पाजायची घाई नको. थर्मामीटर लावा. ३९ अंश सेल्सिअसच्या आसपास असायला हवं, ३७.५ च्या खाली असेल तर आधी करडाला ऊब, मग चीक. गार पडलेल्या करडाच्या पोटात दूध पचत नाही, ठसका लागायचाही धोका.

शेपूट हलतंय म्हणजे पितंय असं नाही बरं का. काही शेळ्यांना जादा खोटा सड असतो, करडू त्यालाच लुचत असतं आणि आपण खुश! पोट हाताने चाचपा, खपाटीला असेल तर गेलेलं नाही. दोन करडं एकाच बाजूला पीत असतील तर दुसरी बाजू तशीच तुंबते, रोज दोन्ही बाजू बघायच्या आणि भरलेल्या बाजूने थोडं काढत राहायचं.

कास फुगली म्हणजे दगडीच (जंतूंमुळे होणारा कासेचा आजार) झाली असंही नाही. दोन्ही बाजू सारख्या ताठ, बोट दाबलं की खळगा राहतो, चीक जाडसर पिवळा, शेळी खातेपिते, तर ती बहुतेक व्याल्यानंतरची साधी सूज, काही दिवसांत उतरते. पण एकच बाजू गरम, कडक, हात लावू देत नाही, दुधात गाठी किंवा पाण्यासारखं दूध, अंगात ताप, खाणं बंद, असं असेल तर लगेच डॉक्टर. कासेची कातडी निळी-काळी आणि गार पडली असेल तर सकाळची वाट बघू नका, शेळी जाऊ शकते. डॉक्टर येईपर्यंत त्या दुखऱ्या बाजूचं दूध करडांना नको, चांगल्या बाजूचं किंवा साठवलेला चीक द्या. सूज उतरावी म्हणून पाणी तोडणारे पण भेटतात, तसं अजिबात करू नका, पाणी भरपूर द्या, भरडा (भरडलेल्या धान्याचं खाद्य) मात्र चार-सहा दिवसांत हळूहळू वाढवा.